गोडाचा डबा लपवण्याआधी घड्याळ बघा

डबा वरच्या फळीवर ठेवला तर स्टुलावर चढून काढला जातो. कुलपात ठेवला तर किल्ली सापडते. गोड आणणंच बंद केलं तर पलंगाच्या पायाशी मुंग्यांची रांग दिसते आणि ती थेट उशीच्या अभ्र्यात, रुमालात बांधलेल्या पेढ्यांपर्यंत जाते. मग रागवारागवी, अबोला, दोन दिवस शहाण्यासारखे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सत्तरी-ऐंशीतलं माणूस घरात असेल तर यातलं काहीच नवीन वाटणार नाही. (स्टुलाचं मात्र आधी बघा. या वयात खुब्याचं हाड मोडणं वाटीभर बासुंदीपेक्षा कितीतरी महागात पडतं. डबा लपवायचाच असेल तर निदान उंचावर ठेवू नका.)

आमच्या अण्णांचं बालपण गुऱ्हाळाच्या धुरात गेलं आणि नोकरी सांगलीकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. काकवी-भाकरी हा त्यांचा नाश्ता. दिवाळीच्या तोंडावर सभासदाची सवलतीतली साखर अजूनही पोत्यानं घरी येते. डायबिटीस जुना. अशा माणसाला ‘गोड सोडा’ असं सांगणाऱ्या डॉक्टरांना आणि मान डोलावणाऱ्या अण्णांना, दोघांनाही ते होणार नाही हे चांगलं माहीत असतं.

त्यामुळे ‘किती खातात’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि ‘कधी खातात’ ते बघा. वेळेवरून कारण कळतं, आणि कारण कळलं की निम्म्या वेळा उपाय स्वयंपाकघरात किंवा औषधांच्या डब्यात सापडतो. सरसकट बंदी कारणाला हातच लावत नाही, म्हणून ती टिकत नाही.

एक आठवडा फक्त नोंद

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहा: गोड किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, त्याआधीचं जेवण कधी आणि किती झालं होतं, त्या वेळी माणूस कसा होता. चिडलेला, घामेजलेला, एकटा, की मजेत? या आठवड्यात टोकायचं नाही. टोकलंत की खाणं लपून होणार आणि नोंद खोटी पडणार.

डायबिटीस असेल आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर गोड मागण्याच्या क्षणी, खाण्याआधी, एक पट्टी खर्च करा. बोट टोचण्यापूर्वी साबणानं हात धुवून कोरडे करायला विसरू नका. बोटाला पेढ्याचा किंवा केळ्याचा अंश राहिला तर मीटर उगाच तीनशे दाखवतो आणि घरात धावपळ उडते. सॅनिटायझर चोळून तो अंश नीट जात नाही, पाणीच लागतं.

दुपारी चारच्या आसपास

अण्णांच्या चौकोनांत चारचा ठोका सारखा दिसत होता. दुपारचं जेवण साडेअकराला: अर्धी भाकरी, पातळ आमटी. कवळी टोचते म्हणून उसळ आणि कोशिंबीर ताटाच्या कडेला. सकाळची डायबिटीसची गोळी, ग्लिमेपिराइड, मात्र पूर्ण. साडेतीनला हात थरथरायला लागायचे, कपाळावर घाम, आवाज चढलेला. “अगं, काहीतरी गोड दे ना, किती वेळ झाला!” त्या वेळी मीटरवर ६४ आले.

म्हणजे आम्ही ज्याला जिभेचे चोचले म्हणत होतो ती शरीराची हाक होती. ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्या आणि इन्सुलिन आपलं काम करत राहतात, पोटात अन्न गेलेलं असो वा नसो. त्यात वयाबरोबर किडनी मंदावलेली असेल तर औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. ग्लिबेनक्लामाइड तर याच कारणासाठी वृद्धांना शक्यतो देत नाहीत. डायबिटीसचीच दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, नुसती तीच चालू असेल तर शुगर इतकी खाली जाणं विरळा.

शुगर ७० च्या खाली असेल तर त्या क्षणी उपदेश नाही. १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण ३ चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की पोळी-दूध किंवा तसं काहीतरी खायला द्यायचं, कारण या गोळ्यांचा असर बराच वेळ राहतो आणि शुगर पुन्हा घसरू शकते. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव दिसतंय का बघा. ही औषधं साध्या साखरेचं पचन लांबवतात, त्यामुळे अडचणीच्या वेळी साखर, पेढा, गूळ लवकर काम करत नाही. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. म्हणून घामाकडे लक्ष.

या कारणासाठीच डायबिटीस असलेल्या माणसापासून घरातलं सगळंच गोड कुलपात घालणं मला धोक्याचं वाटतं. दुपारी घरी एकट्या असलेल्या माणसाला हाताशी ग्लुकोजचा डबा असलाच पाहिजे, आणि तो कुठे आहे हे त्याला माहीत हवं.

चारच्या गोडाचा आमच्याकडचा उपाय साधा निघाला. दाताच्या डॉक्टरांकडून कवळी घासून घेतली. चौकोनांचा कागद दाखवल्यावर डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला (डोस आपल्या मनानं हलवायचा नाही, हे सांगायला नको). आणि तीन वाजता मुगाचं मऊ धिरडं, नाहीतर उकडलेलं अंडं, नाहीतर मऊ शिजवलेल्या मटकीची वाटी. साडेतीनची ओरड थांबली. डायबिटीस नसलेल्या घरांतही चारचं गोड पुष्कळदा साधी भूकच असते: सकाळी चहा-टोस्ट, दुपारी दोन घास, प्रथिनं जवळपास शून्य.

रात्री, सगळे निजल्यावर

इन्सुलिन किंवा वरच्या गोळ्या चालू असतील तर आधी रात्रीचीही शुगर एकदा तपासून घ्या. उशी घामानं ओली, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड, अशी लक्षणं असतील तर पहाटे तीनच्या सुमाराला मोजा.

ती ठीक निघाली तर मग हे खाणं पोटाचं नाही. झोप लागत नाही, टीव्ही बंद झालेला, बोलायला कुणी नाही, आणि फ्रिजमध्ये श्रीखंडाची वाटी आहे. जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षात हे फार दिसतं. अशा वेळी ‘गोड खाऊ नका’ असं म्हणून काही उपयोग होत नाही. साडेनऊला कुणीतरी येऊन बसणं, रमीचा एक डाव, परगावच्या लेकीचा ठरलेल्या वेळचा फोन, यांनी फरक पडतो. संध्याकाळी सातलाच जेवण उरकत असेल तर झोपताना बिनसाखरेचं कोमट दूध, वर जायफळाची चिमूट. कशातच मन लागत नाही, अंघोळीचाही कंटाळा, बोलणं कमी, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत, आणि ते म्हातारपणीही लागू पडतात.

दिवसभर तोंडात काहीतरी

खडीसाखर, लिमलेटच्या गोळ्या, साखर चढवलेली रंगीत बडीशेप. असं सतत चघळणाऱ्या माणसाला विचारा, “तोंड कोरडं पडतं का?” ॲलर्जीच्या, लघवीवर ताबा राहण्यासाठीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते. लाळ कमी, हिरड्या मागे सरकलेल्या, दातांची मुळं उघडी, आणि त्यावर दिवसभर साखरेचं पाणी. दात मुळाशी किडतात, चावता येत नाही, मग मऊ आणि गोड तेवढंच खाल्लं जातं. हे चक्र औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवून तोडावं लागतं. तोवर घोट-घोट पाणी, साधी भाजलेली बडीशेप, बिनसाखरेचा सुका आवळा, लवंग. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला मात्र आवळा, चिक्की, कडक गोळ्या यातलं काहीच चघळायला देऊ नका, घशात अडकतं.

जेवण नको, गोडच हवं

वयाबरोबर वास कमी येतो आणि चवही बोथट होते. त्यातल्या त्यात गोडाची जाण बऱ्याच जणांत टिकून राहते. त्यात आपण ब्लडप्रेशरसाठी मीठ काढतो, ॲसिडिटीसाठी तिखट काढतो, कोलेस्टेरॉलसाठी फोडणी काढतो. उरलेला दुधी भोपळा माणसासमोर ठेवतो आणि तो शिऱ्याकडे बघतो म्हणून चिडतो. तुम्ही स्वतः ते ताट एक आठवडा खाऊन बघा.

मीठ न वाढवता चव वाढवता येते: लिंबू, कोकम, चिंच, भाजलेलं जिरं, लसणाची चमचाभर तेलातली फोडणी, कढीपत्ता, वरून कोथिंबीर. गोडसर चव भाजीतूनही मिळते. लाल भोपळ्याचं भरीत, गाजराची किसून केलेली कोशिंबीर, बिटाचं दह्यातलं रायतं अण्णा वाटी पुसून खातात. मेटफॉर्मिनसारख्या काही औषधांनी तोंडाला धातूसारखी चव येते, तसं कुणी म्हणत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

याची एक उलटी बाजू आहे, आणि ती नीट वाचा. माणूस वाळत चालला असेल, कपडे सैल झाले असतील आणि गोडाशिवाय काहीच घशाखाली उतरत नसेल, तर ते गोड काढून घेऊ नका. वजन का उतरतंय ते आधी शोधा. तोपर्यंत त्याच गोडात जीव घाला: दुधातला नाचणी सत्त्वाचा शिरा, त्यात दाण्याचं कूट, खिरीत साय. पंच्याऐंशीच्या, डायबिटीस नसलेल्या, हाडं दिसणाऱ्या आजीला लाडवावरून बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. तिला तो लाडू सुखानं खाऊ द्यावा.

आयुष्यभर तिखटखाऊ, आता अचानक गोड

हे मात्र कौतुकानं बघत बसू नका. शुगरच फार वाढली असेल तर तहान लागते, लघवीला सारखं जावं लागतं, वजन उतरतं आणि माणूस तहानेपोटी सरबतं-उसाचा रस पीत सुटतो. आधी रक्त तपासा. मग गेल्या दोन-तीन महिन्यांत नवीन काय औषध सुरू झालं ते बघा. प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडनं भूक आणि शुगर दोन्ही वाढतात. नैराश्यावरच्या मिर्टाझापिननं आणि मानसिक आजारांवरच्या ओलान्झापिननं भूक वाढते. पार्किन्सन्ससाठीच्या प्रामिपेक्सोलनं काहींना अनावर खाण्याची ओढ लागते.

यातलं काहीच नसेल, आणि सोबत वागणंही बदललं असेल, म्हणजे चारचौघांत भलतंच बोलणं, दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं, घरच्यांबद्दल कोरडेपणा, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) एका प्रकारात, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात, गोडाची हाव हे ठळक लक्षण असतं. अल्झायमरमध्येही हे दिसतं. अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यानं दहा मिनिटांपूर्वी खाल्लेलं त्याला पुष्कळदा खरोखर आठवत नाही. इथे, आणि फक्त इथेच, गोड नजरेआड ठेवणं योग्य. एका पेढ्याचे चार तुकडे करून प्रत्येक वेळी एक तुकडा द्यायचा आणि लगेच लक्ष दुसरीकडे वळवायचं.

गोड कमी केलं, तरी शुगर तशीच

‘गुळाचं आहे, चालतं’ हे वाक्य साखरेच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाकडून ऐकावं. गूळ, काकवी, मध, खजूर, सगळ्यांनी शुगर वाढते. अण्णांना हे माझ्याहून चांगलं माहीत आहे, फक्त ते सोयीनं विसरतात.

त्याशिवाय चोरवाटा: मारी बिस्किटात साखर असतेच आणि बाकीचा बहुतेक मैदा. च्यवनप्राश, खोकल्याचं सिरप, वृद्धांसाठी म्हणून विकली जाणारी दुधात घालायची पावडर, उपवासाची साबुदाणा खिचडी. पाकिटाची मागची बाजू वाचा. ‘शुगर फ्री’ मिठाईत खवा, तूप, मैदा तसाच असतो, आणि साखरेऐवजी माल्टिटॉलसारखं काही गोडीसाठी घातलं असेल तर चार तुकड्यांत पोट बिघडतं. साखरेऐवजी चहात टाकायच्या गोड गोळ्यांविषयी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नयेत. पण ती सूचना आधीपासून डायबिटीस असलेल्यांसाठी नाही. त्यामुळे अण्णांच्या चहात एक गोळी चालते, तिच्या भरवशावर दोन गुलाबजाम मात्र नाहीत.

वाटा किती, आणि तो कुणाच्या हातात

जागतिक आरोग्य संघटनेच्याच २०१५ च्या शिफारशीत वरून घातलेली साखर (मध आणि फळांच्या रसातलीही धरून) दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे अंदाजे २५ ग्रॅम, सहा छोटे चमचे, ठेवायला सांगितलं आहे. दोन चमच्यांचे चार कप चहा म्हणजे हा कोटा चहातच संपला. म्हणून सुरुवात मिठाईपासून नको, चहापासून करा. दोन चमच्यांवरून दीड, पंधरवड्यानं एक. हळूहळू उतरवलं तर जिभेला सवय होते. एकदम फिका चहा दिला तर कप बेसिनमध्ये ओतला जातो आणि माणूस कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन बसतो.

मिठाईसाठी आमच्याकडे एक छोटा स्टीलचा डबा आहे, तो अण्णांचा. त्यात दिवसाचा वाटा सकाळी पडतो. कधी अर्धा बेसनलाडू, कधी एक पेढा. कधी खायचा ते त्यांनी ठरवायचं, फक्त जेवणावर, रिकाम्या पोटी नाही. वरण-भाजी पोटात असताना शुगर तितकी झपकन चढत नाही. पुरणपोळीच्या दिवशी भात नाही, हा सौदा त्यांनीच सुचवला. डबा त्यांच्या ताब्यात आल्यापासून उशीखालचा व्यवहार जवळपास थांबला. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा वाटा डॉक्टरांशी बोलून ठरवावा.

घरच्यांनाही थोडी शिस्त हवी. समोर बसून नातवंडं आइस्क्रीम खाणार आणि आजोबांना सफरचंदाची फोड, हे चालत नाही. पेढे घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना आधीच सांगा की आणायचंच तर पेरू आणा, फुटाणे आणा. अर्धा किलोचा बॉक्स आलाच तर त्याच संध्याकाळी शेजारी, वॉचमन, कामाच्या मावशी यांच्यात वाटून टाका. देवळातला प्रसाद नाकारा असं म्हणू नका, ते होणार नाही. चिमूटभर घेतला तरी प्रसाद घेतलाच की! आणि मावशींना किंवा नर्सला स्पष्ट सांगून ठेवा, कारण “कशाला त्या जिवाला त्रास” म्हणून मायेनं दिलेला शिरा नोंदीत कधीच येत नाही.

‘पाय कापावा लागेल’ ही धमकी बंद करा. “अगं, माझं आता राहिलंय काय?” हे त्या धमकीला ठरलेलं उत्तर आहे, आणि त्यावर तुमच्याकडे काही उत्तर नसतं. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारा की या वयात, या तब्येतीत शुगर किती ठेवायची. धडधाकट सत्तरीतल्या माणसाला एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ७ ते ७.५ च्या आत ठेवायला सांगतात. अनेक आजार असलेल्या थकलेल्या माणसाला ८ पर्यंतही चालतं, कारण तिथे शुगर खाली घसरण्याची भीती जास्त. घरची अर्धी भांडणं चाळिशीतल्या माणसाचे आकडे ऐंशीतल्याला लावल्यामुळे होतात. ॲनिमिया असेल तर हा रिपोर्ट फसवा येऊ शकतो, हेही विचारून घ्या.

पुन्हा उलटलं तर

उलटतंच. गणपती ते दिवाळी हा काळ तर धरूनच चाला. त्या महिन्यांत कडक नियम लावू नका, वाटा तोच ठेवा, पदार्थ बदलू द्या. सण नसताना उलटलं तर पुन्हा कॅलेंडर काढा आणि या क्रमानं तपासा: औषध किंवा डोस बदललाय का, दात किंवा कवळी दुखतेय का, जेवणाची वेळ सरकलीय का, घरातलं कुणी गावाला गेलंय का. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तर डिस्चार्जच्या कागदावरची गोळ्यांची यादी आणि घरातला जुना डबा समोरासमोर ठेवून ताडून बघा. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा घेतलं जात असेल, तर चारची थरथर आणि गोडाची मागणी दोन्ही परत येतात.